छोट्या पेल्यांचा इतिहास

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घ्यायचा. त्यासाठी शनिवारी दुपारी काळे मनुके उकळून रस गाळायचा आणि रविवारी सकाळी तो बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या पेल्यांत ओतायचा. पेले लाकडी तबकांत मांडलेले असतात. उपासना संपली की ते पुन्हा उकळत्या पाण्यात घालायचे, पांढऱ्या फडक्यावर उपडे ठेवायचे आणि वाळले की कपाटात लावायचे. मी कळती झाल्यापासून हे काम नर्समावशीच करत आल्या आहेत, आणि शाळेत असल्यापासून मी त्यांच्या हाताखाली आहे. मला ते काम आवडायचं, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नसे. बाहेर आवारात सगळे एकमेकांना सलाम करत, तब्येतीची चौकशी करत उभे असायचे. मी आत पेले पुसत असायचे.

नर्समावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. मिशनच्या जुन्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, त्यातली वीस वर्षं टीबीच्या वॉर्डात. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. घराणं मूळचं मोडनिंबजवळच्या एका खेड्यातलं, त्यामुळे बोलणं गावाकडचं, आणि त्यात मधेच वॉर्डातले इंग्रजी शब्द. पेले धुवायला कोणी नवीन मुलगी आली की तिला त्या हटकून विचारत, "हे छोटे पेले कशापायी आले, ठावं हाय का?" आणि उत्तराची वाट न बघता सांगत, "इन्फेक्शन. पूर्वी एकच मोठा पेला सगळ्या मंडळीत फिरायचा. मग आपल्या मिशनच्या डॉक्टरांनी सांगितलं, आसं न्हाय चालायचं. अख्ख्या सोलापुरात शास्त्र पयलं शिरलं ते आपल्या देवळात." हे सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. देऊळ आणि दवाखाना, आयुष्यातल्या दोन्ही गोष्टी त्या पेल्यात एकत्र आल्या आहेत, असं त्यांना वाटत असावं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, आले. नगरकडचे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. मंडळीचा वर्धापनदिन जवळ आला होता. त्याआधी आपण कुठून आलो हे लोकांना माहीत असावं, म्हणून त्यांनी दर बुधवारी संध्याकाळी देवळामागच्या हॉलमध्ये ख्रिस्ती इतिहासाचा वर्ग सुरू केला. मी गेले ती नर्समावशींना रिक्षानं एकटं जायचं नव्हतं म्हणून. वर्गात आम्ही सातजण. त्यातले पाच साठीच्या पुढचे.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. रविवारची शब्बाथशाळा मात्र मराठी. त्यामुळे बायबलातली माणसं माझ्या डोक्यात मराठी बोलतात आणि इतिहासातली माणसं इंग्रजी. युरोपातल्या धर्मसुधारणेची चार कारणं मी पाढ्यांसारखी पाठ केली होती, पण त्यांचा आमच्या देवळाशी काही संबंध आहे हे मला कधी सुचलं नव्हतं. बायबल संपलं की लगेच आमची मंडळी सुरू होते, अशी माझी समजूत होती. मधली अठराशे वर्षं मी कुठे ठेवली होती, कोण जाणे. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते, परदेशी गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार बघते. तिथली शेजारच्या टेबलावरची मैत्रीण एकदा म्हणाली होती, "तुमचा धर्म इंग्रजांनीच आणला ना गं?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी हसून कॉम्प्युटरकडे बघितलं होतं, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. तिसऱ्या बुधवारी ते कळलं. इंग्रज इकडे यायच्या कितीतरी शतकं आधीपासून केरळात ख्रिस्ती लोक होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी हे सांगणार होते. सांगितलं नाही.

पाळकसाहेब शिकवायचे चांगलं. घराघरांतून लपून भरणाऱ्या पहिल्या मंडळ्या, मग रोमचा सम्राटच ख्रिस्ती झाल्यावर आलेलं वैभव. जो मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, आम्ही दर रविवारी उभं राहून म्हणतो, तसल्याच एका मतांगीकारातल्या एका शब्दावरून बिशपांची इतकी भांडणं झाली की सम्राटाला मधे पडावं लागलं, हे ऐकून नर्समावशी म्हणाल्या, "म्हंजे आपल्या पंचांच्या सभेसारखंच की." सगळे हसले. माझे पप्पा मंडळीचा कारभार बघणाऱ्या या पंचांचे सेक्रेटरी आहेत, त्यामुळे हसताना दोघातिघांनी माझ्याकडे बघितलं.

एका बुधवारी पेल्याचा विषय निघाला. युरोपात कितीतरी काळ साध्या माणसाला प्रभुभोजनात फक्त भाकर मिळायची. पेला पाळकानं एकट्यानं घ्यायचा. बोहेमिया नावाच्या मुलखातल्या लोकांनी 'पेला आम्हालाही द्या' म्हणून लढाया केल्या, माणसं मेली.

"एवढ्याशा रसापायी?" नर्समावशी म्हणाल्या.

"रसापायी नाही, मावशी. कोण पुढे आणि कोण मागे, त्यापायी."

"लई वाईट," त्या म्हणाल्या. "आपल्यात तसलं कदी न्हवतं."

पाळकसाहेबांनी पुढचं पान उलटलं. त्यांनाही तेव्हा काही माहीत नव्हतं.

वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार होती. तिच्यात मंडळीचा इतिहास हवा होता आणि तो पंचांच्या सभांच्या जुन्या वह्यांत पडून होता. "ताई, तुमचं टायपिंग चांगलं आहे," पाळकसाहेब म्हणाले, आणि ते काम माझ्याकडे आलं. ऑफिस सुटलं की मी देवळाच्या कचेरीत बसायचे, पानांचे फोटो काढायचे आणि घरी जाऊन ते मोठे करून वाचायचे. एक पान वाचायला मला अर्धा तास लागे. अक्षर वळणदार, पण शब्द एकमेकांना चिकटलेले.

तिसऱ्या दिवशी ती पानं सापडली. शंभरेक वर्षांपूर्वीची. त्या काळी देवळात काही कुटुंबं कायम मागच्या बाकांवर बसत, कारण ती ज्या जातीतून ख्रिस्ती झाली होती ती पुढच्या बाकांवरच्या लोकांच्या जातीहून खालची मानली जायची. जातींची नावं मी इथे लिहीत नाही. दोन्ही जातींना गावाच्या वेशीबाहेरच जागा होती, एवढं सांगितलं तरी पुरे. एकच पेला पुढून मागे फिरायचा, पुढचे आधी प्यायचे, त्यामुळे अडचण येत नव्हती. मग एका रविवारी मागच्या कुटुंबांतली एक बाई तान्हं मूल घेऊन पहिल्या बाकावर येऊन बसली. पेला पहिल्यांदा तिच्या हातात आला. ती प्याली. शेजारच्यानं तो ओठाला न लावता पुढे दिला. त्याच्या शेजारच्यानंही. मागच्या बाकांपर्यंत पेला भरलेलाच पोचला.

त्यानंतर सात महिने प्रभुभोजन झालं नाही. मिशनरी साहेबांनी दोन्हीकडच्यांची समजूत घालून पाहिली. शेवटी पंचांनी ठराव केला. ज्याला त्याला वेगळा छोटा पेला द्यावा, पेले मुंबईहून मागवावेत, आणि कोणी कारण विचारलं तर आरोग्यासाठी असं सांगावं. पहिल्या बाकावर बसल्याबद्दल त्या बाईनं दिलगिरी व्यक्त करावी, असंही ठरलं होतं. तिला बोलावलं. ती आली, उभी राहिली आणि काही बोलली नाही, अशी नोंद आहे.

ठराव मांडणाऱ्याची सही माझ्या पणजोबांची होती. पप्पांचे आजोबा. आमच्या बैठकीच्या खोलीत त्यांचा फोटो आहे.

बाईचं नाव वहीत नव्हतं. अमुक गावच्या अमक्याची बायको, एवढंच. पण त्या अमक्याचं नाव मी चांगलं ओळखत होते. नर्समावशी दर वाढदिवसाला देवळात उभ्या राहून देवानं घराण्यावर केलेल्या कृपेची साक्ष देतात आणि तिची सुरुवात त्याच नावानं होते. त्यांचे आजोबा.

मी घरी आले, लॅपटॉप उघडला आणि टाइप केलं: 'मंडळीच्या आरोग्याचा विचार करून स्वतंत्र पेल्यांची पद्धत सुरू झाली.' मावशींना या वयात कशाला दुखवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. पुढच्या खोलीत पप्पा बातम्या बघत बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर तो फोटो होता. शिवाय हे सगळं कळल्यावर मावशी मला पेल्यांजवळ उभं राहू देतील का, हीही भीती होती. देवळात माझं म्हणावं असं माणूस तेवढंच.

पुढच्या बुधवारी पाळकसाहेबांनी माझा मसुदा वर्गात वाचून दाखवला. पेल्यांचं वाक्य आलं तसं मावशींनी सगळ्यांकडे बघितलं. "मी काय म्हणत होते?" वर्ग संपल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं की ती ओळ जाड अक्षरात घ्या. रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, "मला दोन जास्तीच्या परती ठेव. एक भाच्याला धाडते पुण्याला. त्याला वाटतं, आपली मान्सं अडाणी हुती."

इतिहास कसा लिहिला जातो याबद्दल पाळकसाहेबांनी दोन बुधवार घेतले होते. मला त्यापेक्षा या एका रिक्षाच्या फेरीत जास्त कळलं.

तरीही सांगायला मला तीन आठवडे लागले. शनिवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात मनुके उकळत होते. मी गाळणी धरून उभी होते.

"मावशी, ते वाक्य खरं नाही."

"कुटलं?"

"पेल्यांचं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं."

"कोण म्हणतं?"

मी फोन काढला आणि वाचायला लागले. दोन ओळींतच अडखळले. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला, दोन बोटांनी अक्षरं मोठी केली आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. वॉर्डात केसपेपर वाचत असतील तशा, एका सुरात, न थांबता. शेवटपर्यंत वाचून त्यांनी गॅस बंद केला.

"ही आमची आजी," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"परभुभोजनाचं तबक आलं की ती न घेता शेजारच्याला द्यायची. मरेपतूर तिनं कदी घेतलं न्हाय. आमी लहान हुतो. आई म्हणायची, तरुणपणी तिनं काय तरी वंगाळ केलंय, म्हणून मंडळीनं बंदी घातलीय. मला दवाखान्यातनं यायला उशीर झाला की म्हणायची, आजीवर जाशील." त्यांनी चष्मा काढला. "आमी सगळी तिला तसलीच समजत हुतो. मी बी. तिला नीट विचारलं सुदीक न्हाय कुनी."

"ठराव मांडणारे माझे पणजोबा होते," मी म्हणाले.

"दिसलं की. वाचता येतं मला."

मग त्यांनी विचारलं, "तू हे कवा वाचलंस?"

"महिना होत आला."

"आन् म्हैनाभर माझ्याबरुबर उभी राहून पेले पुसतीयास."

त्यांनी माझ्या हातातून गाळणी घेतली आणि रस स्वतःच गाळला. मी ओट्याला टेकून उभी राहिले. जा असं त्या म्हणाल्या नाहीत, म्हणून गेले नाही. सगळा रस बरणीत भरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "छापायचं. हाय तसं. माझ्या आजीनं काय बी केलं न्हवतं, हे लोकांना कळू दे."

म्हणजे ज्या पानांनी त्या मोडून पडतील असं मला वाटलं होतं, ती पानं त्यांना हवी होती. आता अडचण आमच्या घरात होती. स्मरणिकेतला शब्दन् शब्द सेक्रेटरीच्या सहीशिवाय छापायला जात नाही.

पप्पा शाळेत हेडक्लार्क होते. आवाज न चढवता नाही म्हणायची त्यांना सवय आहे. त्यांनी नवा मसुदा वाचला, मग फोनवरचे फोटो वाचले. सहीपाशी बराच वेळ थांबले.

"आधीचं वाक्य काय वाईट होतं?"

"खोटं होतं, पप्पा."

"सणाच्या दिवशी हे कशाला? बाहेर आपल्याला कोण काय म्हणतं, तुला माहीत नाही का? त्यात आपणच आपलं उकरून द्यायचं लोकांच्या हातात." ते चिडलेले नव्हते. घाबरलेले होते, आणि ती भीती मला समजत होती. ऑफिसात मी हसून कॉम्प्युटरकडे बघते ती त्याच भीतीनं.

"मी नर्समावशींना सांगितलंय," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाल्या?"

मी त्यांना आजीचं सांगितलं. तबक न घेता पुढे देणारी, सगळ्यांनी वाईट चालीची ठरवलेली. पप्पा ऐकता ऐकता एकदम म्हणाले, "ती म्हातारी का? हिरवं लुगडं, हातात काठी? मी बघितलंय तिला. आठ-नऊ वर्षांचा असेन. मी आजोबांशेजारी बसायचो. तबक तिच्या हातातून आजोबांकडे यायचं."

"म्हणजे ती कुठे बसायची?"

"पहिल्या बाकावर," पप्पा म्हणाले. "कायम. तिची जागाच होती ती."

पन्नास वर्षं ती बाई दर रविवारी पहिल्या बाकावर बसली होती आणि दर महिन्याला माझ्या पणजोबांनी तिच्या हातातून तबक घेतलं होतं. ते एकमेकांशी काय बोलले असतील, किंवा बोललेच नसतील, कुठल्याच वहीत नाही.

"असू दे," पप्पा शेवटी म्हणाले. "पण वर्धापनदिनाला देवळात हा अहवाल मी वाचणार. हे दुसऱ्या कोणी वाचायचं नाही."

वर्गात सगळं कळल्यावर पाळकसाहेब हेलावले. वर्धापनदिनाला आपण सगळे एकाच पेल्यातून घेऊ या का, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी मावशींकडे बघितलं.

"न्हाय बा," त्या म्हणाल्या. "टीबी वॉर्डात मी वीस वर्सं काढल्यात, पाळकसाहेब. कारण खोटं आसंल, पन इन्फेक्शन खरं हाय."

वर्धापनदिनाला देऊळ भरलं होतं. पप्पांनी अहवाल वाचला. पाळकांची यादी, शाळा, दुष्काळातली कामं. मग पेल्यांचा भाग आला आणि त्यांचा आवाज बारीक झाला. ठराव मांडणाऱ्याच्या नावापाशी ते थांबले आणि कागदावर नसलेले दोन शब्द म्हणाले, "माझे आजोबा." मागे कोणीतरी खोकलं. एक गृहस्थ उठून बाहेर गेले, ते पुढच्या बाकांवरच्या घराण्यातले होते. नंतर आवारात काहींनी पप्पांचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला, काही नुसता सलाम करून निघाले. मी आत पेल्यांपाशी होते, खिडकीतून हे दिसत होतं. मावशी पेल्यांकडे आल्या नव्हत्या, म्हणून मी एकटीच धूत होते. मला वाटलं, त्यांना आज माझ्याशेजारी उभं राहायचं नसेल.

त्या आवारात पप्पांसमोर उभ्या होत्या. चहाचा कप बाकावर ठेवलेला, हातात स्मरणिका उघडलेली. पप्पांनी मला खूण करून बोलावलं.

"वाचन चांगलं झालं, सेक्रेटरी," मावशी म्हणत होत्या. "पन हितं बगा. मिशनरी साहेबाचं नाव हाय. तुमच्या आज्याचं हाय. माझ्या आज्याचं हाय. बाईचं कुटं हाय?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. वहीत नाव नव्हतं, ते मी तसंच उतरवलं होतं. मावशींच्या स्वयंपाकघरात तासभर उभी राहूनही मला विचारायचं सुचलं नव्हतं.

"लोकांकडून प्रती परत घ्या," पप्पा पाळकसाहेबांना म्हणाले. "थोडा वेळ थांबा म्हणावं."

कचेरीत टेबलावर गठ्ठे आले. पाळकसाहेबांनी तीन पेनं शोधून काढली. मी पहिली प्रत उघडली आणि विचारलं, "मावशी, बाप्तिस्म्याचं नाव लिहू की आधीचं?"

त्यांनी विचार केला. "दोन्ही लिही. घरात तिला आधीच्याच नावानं हाका मारायचे."

'अमक्याची बायको' या शब्दांच्या वर जेमतेम बोटभर जागा होती. मी दोन्ही नावं लिहून प्रत त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती हातात घेऊन बघितली, शाई वाळेपर्यंत धरून ठेवली आणि परत दिली.

"बरं झालंय. म्होरं लिही."

बाहेर लोकांना दुसरा चहा दिला जात होता. एक-दोघं खिडकीतून डोकावून आत काय चाललंय ते बघून गेले. पप्पा फार सावकाश लिहितात, प्रत्येक वेलांटी शाळेच्या दाखल्यावर असल्यासारखी. मावशींनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या गठ्ठ्यातल्या निम्म्या प्रती उचलून माझ्यापुढे ठेवल्या आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या.